फ्यूज कुठाय?

माझ्या टीममध्ये एक पुणेकर आहे. शनिवार-रविवार मी गाडीत उताणा पडून वायरी ओढत असतो हे कळल्यापासून त्याचा एकच प्रश्न असतो, "तुझा तासाचा रेट काय रे?" रेट सांगितला की गुणाकारही तोच करतो. वीस तास गुणिले अमुक पौंड. "एवढ्यात गॅरेजवाल्याने काम करून वर गाडी धुऊन दिली असती." मग सगळे हसतात. मीही हसतो.

त्याचा गुणाकार बरोबर आहे. तरी मला तो पटत नाही. का पटत नाही ते जेवणाच्या सुट्टीत नीट सांगता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे माझदा बोंगो फ्रेंडी आहे. नावाला हसून घ्या, सगळेच हसतात. आठ सीटर डबा. आपल्याकडे इनोव्हा म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं त्याहून चौकोनी आणि उंच. इथे इंग्लंडात अशा गाडीला पीपल कॅरिअर म्हणतात. ही फ्रेंडी १९९५ ते २००५ या काळात जपानमध्ये, जपानी लोकांसाठी तयार झाली. माझदाने ती ब्रिटनमध्ये अधिकृतपणे कधी विकलीच नाही. पण जपानमध्ये नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची महागडी तपासणी असते, त्यामुळे जुनी गाडी सांभाळण्यापेक्षा विकून टाकलेली परवडते. शिवाय स्टिअरिंग दोन्ही देशांत उजवीकडे. मग काय, बोटी भरभरून गाड्या इकडे आल्या. मागच्या सीटा आडव्या केल्या की झोपायची सोय होते, आणि काही गाड्यांचं तर छप्पर बटण दाबल्यावर वर उचललं जातं. माझी २००२ ची आहे. २०२३ मध्ये घेतली तेव्हा तिचं वय एकवीस आणि माझं सव्वीस.

अशी गाडी घेतली की सोबत थोडा जपानही घरी येतो. हँडबुक जपानीत. रेडिओ जपानी पट्ट्यातला, म्हणजे ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि इकडची स्टेशनं १०८ पर्यंत पसरलेली, त्यामुळे मध्ये एक कन्व्हर्टर. स्पीडोमीटर किलोमीटरचा आणि रस्ते मैलांचे, तिथे दुसरा कन्व्हर्टर. मागचा फॉग लॅम्प इकडे सक्तीचा, म्हणून आयात करणाऱ्याने बंपरखाली एक दिवा लटकवून दिलेला. आणि गाडी सुरू केली की डॅशबोर्डमधून एक बाई अतिशय नम्रपणे जपानीत काहीतरी सांगायच्या. दोन महिन्यांनी कळलं, ते तिकडच्या टोलचं यंत्र होतं आणि त्या मला कार्ड घालायला सांगत होत्या :-)

थोडक्यात, मूळ कोडवर चार वेगवेगळ्या कंत्राटदारांनी मारलेले पॅचेस, आणि डॉक्युमेंटेशन वाचता येत नाही. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे अगदी घरच्यासारखं वाटावं!

पहिला बग बॅटरीचा. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कण्हायचा. बॅटरी नवी होती. भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ दिसायला हवेत, माझ्याकडे ११.८. मल्टिमीटर आणला, गाडी बंद करून बॅटरीच्या मायनसला सिरीजमध्ये लावला. ०.४ अँपिअर. गाडी झोपलेली असताना! दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर. मग एकेक फ्यूज काढत गेलो. कोडमधला बग शोधताना आपण निम्मे बदल बाजूला ठेवून बघतो ना, तसंच. एक फ्यूज काढला आणि आकडा धपकन खाली आला. जुना जपानी नॅव्हिगेशनचा स्क्रीन, बहुतेक टोकियो शोधत बसला असावा, कोणीतरी थेट बॅटरीवर जोडून ठेवला होता. काढून टाकला. टोलवाल्या बाईंनाही त्याच दिवशी निरोप दिला. एकूण वेळ चार तास, खर्च मल्टिमीटरचा.

त्या दिवशी जो आनंद झाला तो ऑफिसात प्रॉडक्शनचा बग सोडवूनही होत नाही. आणि घोळ तिथूनच सुरू झाला, कारण मला वाटायला लागलं की मला हे येतं.

इथे एक कबुली. मी ई अँड टीसीचा इंजिनिअर आहे. थेव्हेनिनचं प्रमेय मला अजून सोडवता येईल. पण चार वर्षांत मी एकाही वायरीला लग लावलेला नव्हता. पहिल्या वर्षी वर्कशॉप होतं, आठवतंय ना? खाकी कपडे, कानस, आणि एमएसच्या दोन पट्ट्या घासून एकमेकींत बसवायच्या. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांनी तो जॉब सीनियर्सकडून विकत घेतला. मीही घेतला. जर्नल पूर्ण, सह्या पूर्ण, मार्क चांगले.

त्यात घरी परिस्थिती उलटी. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयटीआयचे, वायरमन ट्रेड. एमएसईबीत लागले, २००५ मध्ये बोर्डाचं विभाजन झालं तेव्हा महावितरणचे झाले, आणि सातारा जिल्ह्यातल्या खांबांवर चढण्यात त्यांची उमेद गेली. मी आठवीत असताना त्यांच्या पिशवीतला टेस्टर घेऊन बसलो तर काढून घेतला होता. "तू पुस्तक घे. हे आहे मला." त्यांना मला आयटीआयमधून आयटीत न्यायचं होतं, त्यात एवढं एक अक्षर गळालं आणि त्याच्यासोबत सगळी पिशवीच गेली.

असो. तर नॅव्हिगेशनच्या विजयानंतर मी फ्रिज बसवायला घेतला. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, पुढच्या बॅटरीवरून मागे वायर टाकून. घरात उरलेली वायर होती तीच टाकली. फ्रिज सुरू व्हायचा आणि लगेच बंद. बॅटरी ठणठणीत, पण फ्रिजचं म्हणणं व्होल्टेज कमी. मग कागद घेतला. वायर दीड स्क्वेअर एमएमची, तिचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. जायला पाच मीटर, यायला पाच. पाच अँपिअर धरले तरी ०.६ व्होल्ट वायरीतच खलास! आणि बारा व्होल्टच्या दुनियेत अर्धा व्होल्ट ही मोठी रक्कम आहे. अकरावीपासून व्ही इज इक्वल टू आयआर लिहीत आलो होतो, ते पहिल्यांदा अंगावर आलं.

मग जरा मोठी उडी. मागे दुसरी बॅटरी, एजीएम प्रकारची, १०० अँपिअर-अवर. पुढून मागे सहा स्क्वेअरची जाड केबल आणि मध्ये रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, खाली आलं की तोडतो, त्यामुळे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी स्टार्टरची बॅटरी शाबूत. जुन्या गाडीचं हे एक सुख आहे. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे एवढ्यावर भागत नाही, वेगळा चार्जर लागतो. माझ्या गाडीचा अल्टरनेटर बिचारा साधा. चार व्हिडिओ बघून दोन वीकेंडमध्ये काम फत्ते. फ्रिजच्या तोंडाशी १५ अँपिअरचा फ्यूजही लावला. एप्रिल २०२४ मध्ये मी आणि बायको वेल्सला जाऊन तीन रात्री त्यात झोपून आलो. थंड दूध, थंड दही. मी हवेत.

जूनमध्ये आई-अण्णा आले. अण्णा नुकतेच रिटायर झालेले. त्यांना गाडी दाखवली, फ्रिज दाखवला. अण्णांनी फ्रिजकडे बघितलंही नाही. पुढच्या बॅटरीपाशी वाकले, केबलवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"फ्यूज कुठाय?"

"मागे आहे ना अण्णा, फ्रिजला. १५ चा."

"ते फ्रिजचं झालं. हिचा कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. माझ्या डोक्यात फ्यूज म्हणजे वस्तू जळू नये म्हणून. अण्णांनी ओरडण्याऐवजी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "फ्यूज वायरीसाठी असतो रे. आणि सप्लाय जिथून निघतो तिथंच लावायचा. तू तर दोन्ही टोकांना बॅटऱ्या ठेवल्यास. पुढून तोडलं तरी मागून सप्लाय आहेच." खांबावर काम करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लाइन बंद केलेली असते, आणि गावात कुणीतरी जनरेटर लावून उलटा सप्लाय सोडतं. त्यात गेलेली माणसं त्यांच्या ओळखीतली आहेत.

मग त्यांनी केबलचा लग धरून ओढला. तो अलगद हातात आला. मी पक्कडीने दाबून बसवला होता. "ओढून बघायचं असतं. हातात यायचा असेल तर आत्ता आलेला बरा."

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी सापडली. केबल जिथे पत्र्याच्या भोकातून आत घेतली होती, तिथे मी रबरी बुश घातलाच नव्हता. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली, तेही डिझेल, थरथर भरपूर. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण खाल्लं होतं. तांबं दिसत होतं. अजून थोडं घासलं असतं तर केबल बॉडीला टेकली असती, आणि मध्ये फ्यूज नाही म्हणजे बॅटरी देईल तेवढा, शेकडो अँपिअर, करंट त्या केबलमधून धावला असता. लाल होते ती. चावी काढून काही उपयोग नाही. आणि आम्ही दोघं वेल्समध्ये तिच्यापासून हातभर अंतरावर झोपलो होतो. बायको शेजारीच उभी होती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी सगळं उपसून परत केलं. पहिला लग अण्णांनी लावला, मग गुडघे बोलायला लागले म्हणून खुर्ची टाकून बसले आणि बाकीचं माझ्याकडून करून घेतलं. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात ४० चा एकेक फ्यूज. प्रत्येक भोकाला बुश. प्रत्येक लग ओढून. अर्थच्या बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने घासून. (इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते या जपानी पत्र्याला खातं.) मध्येच माझे काळे हात बघून म्हणाले, "यासाठी शिकवलं का रे तुला?" हसत म्हणाले, पण पूर्ण हसत नव्हते. मला उत्तर सुचलं नाही. अजून नीट सुचलेलं नाही.

आता पुणेकराकडे येतो. एक तर शनिवारी मला कोणी तासाचा रेट देत नाही. तो तास गाडीला दिला नाही तर फोनमध्ये जातो. पण खरा मुद्दा वेगळा. त्याच्या गुणाकारात असं धरलंय की मला हे येतं आणि गॅरेजवाल्यालाही येतं, फक्त कोणाचा वेळ स्वस्त एवढंच बघायचं. मला ते येत नव्हतं. डिग्री असून येत नव्हतं, आणि येत नाही हेही कळत नव्हतं. आता गॅरेजमध्ये गेलो तरी केबल कोणत्या जाडीची, फ्यूज कुठे, हे विचारता येतं. पूर्वी नुसतं बिल विचारायचो.

'सगळं घरीच करा, व्हिडिओ बघा, सोप्पं असतं' म्हणणाऱ्यांचाही मला आता राग येतो, कारण मी तसाच होतो. व्हिडिओत फ्रिज चालू झाला की संगीत वाजतं. चुकीचं वायरिंगही फ्रिज चालवतंच, हा या कामातला खरा धोका. आमच्याकडे टेस्ट फेल झाली तर लाल दिसतं. इथे सगळं हिरवं असतं, आणि आग नंतर लागते. म्हणून ब्रेकला मी हात लावत नाही. आतले दिवे एलईडी केले, हेडलाइटचे नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातला तर इकडच्या वार्षिक तपासणीत नापास करतात, आणि बरोबर करतात, समोरच्याचे डोळे दिपतात.

आणि घरचं एक. अण्णा सुट्टीच्या दिवशी बंगल्यांची वायरिंग करायचे. त्यांची कायमची तक्रार, की लोक टाइल्सवर लाखभर घालतात आणि अर्थिंगच्या खड्ड्याला पैसे द्यायची वेळ आली की म्हणतात, "लाइट लागते ना? मग झालं." तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटायची. तीनशे रुपयांसाठी वायरमनशी घासाघीस करणाऱ्या घरांतच माझे सगळे मित्र वाढले, आणि मलाही त्यांच्यासारखंच व्हायचं होतं.

पुढच्या शनिवारी कूलंटचा अलार्म बसवायचाय. या गाडीचं दुखणं म्हणजे कूलंट गळतं, तापमानाचा काटा वेळेवर काही सांगत नाही, आणि कळेपर्यंत इंजिनच्या हेडला तडा गेलेला असतो. त्यासाठी टाकीत एक सेन्सर टाकतात, पातळी खाली गेली की आतमध्ये बझर वाजतो. डायग्रॅम काढून फोटो अण्णांना पाठवला होता. आत्ताच उत्तर आलंय : फोटो अंधुक आहे, परत काढ. फ्यूज दिसत नाही.