पारख शिकविण्याचे दान

हृदयाच्या स्नायूत विकृत प्रथिन साचले की त्याच्या भिंती जाड व ताठर होतात. या विकारास अमायलॉइडोसिस म्हणतात. इकोत भिंत जाड दिसते, परंतु ईसीजीतील लहरी त्या मानाने अनेकदा खुज्या असतात. ही विसंगती हेरणारी नजर नसली, तर रोग वार्धक्याच्या खाती जमा होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत टॅफामिडिस या औषधाने ट्रान्सथायरेटिन प्रकारातील मृत्यू घटले. मात्र रोग बळावण्यापूर्वी ते मिळालेल्यांस लाभ अधिक झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात या विकारासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. अशा केंद्रात तरुण हृदयतज्ज्ञ घडविण्याचा खर्च उचलणाऱ्याचे नाव भिंतीवर कोरले जात नाही. परंतु यंत्र झिजते. पारख शिष्यांकडे व्याजासह वाढत जाते.