खेळ संपल्यावर

पत्त्यांचा डाव मोडला म्हणजे बसलेली मंडळी लगेच उठून जातात, असे सहसा घडत नाही. पाने गोळा करून बाजूला ठेवली जातात आणि मग खरी रंगत सुरू होते. हुकुमाची राणी इतक्या लवकर का टाकली, एक्का हाती असता गप्प का बसला, भिडूने बदाम मागितले असताना चौकट का उतरली, असे प्रश्न चहूकडून येतात. हरलेला आपली बाजू मांडतो, जिंकलेला मोठ्या उदारपणे त्याला दोन उपाय सुचवतो, आणि कडेला बसून नुसता डाव पाहणारे आजोबा दोघांनाही चुकीचे ठरवतात. क्रिकेटचा सामना संपल्यावर गावच्या पारावर आणि चाळीच्या जिन्यात हेच चालते. डाव अर्ध्या तासाचा असला, तर त्यावरचे बोलणे तासभर पुरते. नवशिका खेळाडू शहाणा होतो, तो पुष्कळदा या दुसऱ्या तासात.

पडद्यावरच्या खेळांना हे भाग्य क्वचित लाभते. मुलगा खोलीच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असतो. हाक मारली, तर ‘थांब, एवढे एकच’ असे उत्तर येते, आणि त्या एकाला अंत नसतो. खेळ थांबतो तो पुरा झाला म्हणून नव्हे; वडिलांनी यंत्र काढून घेतले म्हणून, किंवा त्यातील वीज सरली म्हणून. मग घरात बोलणे होते खरे, परंतु ते खेळाविषयी नसते. किती वेळ वाया गेला, एवढ्याचविषयी ते असते.

वडीलधाऱ्यांची ही तक्रार निराधार आहे, असे कोणी म्हणू नये. आजचे पुष्कळसे खेळ कधीच संपू नयेत, अशाच हेतूने रचलेले असतात. एक पायरी ओलांडली की दुसरी तयार असते. दररोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस मिळते, आणि एक दिवस चुकला तर मागची सारी हजेरी बुडते. काही खेळांत खेळाडूचे ‘प्राण’ मोजके असतात. ते सरले की थोडा वेळ वाट पाहावी लागते, अथवा पैसे मोजून नवे प्राण विकत घ्यावे लागतात. यात खेळणाऱ्याची हौस भागवण्यापेक्षा त्याला पुन्हा पुन्हा पडद्यापाशी खेचून आणण्याचीच योजना अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात अशा अनावर खेळण्याची एक विकार म्हणून नोंद झाली आहे. ते वर्गीकरण २०१९ साली संमत झाले व २०२२ पासून अमलात आले. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा वाटणे, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. खेळणारे प्रत्येक मूल रोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु धोका काल्पनिक नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

तथापि सर्वच खेळ एका माळेचे मणी नव्हेत. ज्यांना आरंभ आहे, मध्य आहे आणि शेवटही आहे, असे छोटे खेळही आज जगभर निर्माण होत आहेत. कोणता पाच मिनिटांत संपतो, कोणता तासा-दोन तासांत. कादंबरीच्या शेजारी जशी लघुकथा, तीन अंकी नाटकाच्या शेजारी जशी एकांकिका, तसे मोठ्या खेळांच्या शेजारी यांचे स्थान आहे. असा एखादा खेळ पाच-सहा जणांनी ठरवून खेळावा आणि नंतर एकत्र जमून त्यावर बोलावे, अशी मंडळेही निघाली आहेत. एक सभासद साताऱ्यात, दुसरा नागपुरात, तिसरा परदेशात असला तरी अडत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी खेळतो आणि ठरलेल्या वेळी सारे जण संगणकावर अथवा फोनवर एकमेकांस भेटतात. या मंडळांकडे पोरखेळ म्हणून पाहणे चुकीचे आहे. पडद्यावरच्या खेळांपासून मुलांना केवळ दूर लोटण्यापेक्षा अशी मंडळे त्यांना अधिक शहाणे करतील.

मुळात हे खेळ जन्मले तेच चारचौघांत. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी एक दिवस खुला ठेवला होता. नुसती यंत्रे पाहून लोक कंटाळतील, म्हणून विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने विद्युत्‌लहरी दाखवणाऱ्या एका छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. एक ठिपका म्हणजे चेंडू, एक उभी रेघ म्हणजे जाळे. खेळायला दोघे लागत, आणि आपली पाळी यावी म्हणून लोक रांग लावून उभे होते. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी संगणकावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. त्यालाही दोघेच हवे असत. खोलीचे दार लावून एकट्याने खेळत बसण्याची रीत त्यानंतरची आहे.

अशा मंडळाचा कारभार साधा असतो. भिशीत जसा दर महिन्याला एकेकाचा क्रमांक लागतो, तसा येथे खेळ निवडण्याचा मान पाळीपाळीने एकेकाकडे यावा. निवडणाऱ्याने आपले मत मात्र सर्वांत शेवटी द्यावे, हे बरे. नाही तर भिडेपोटी सगळेच माना डोलावतात. खेळ छोटा असावा, हा नियम तर सोडूच नये. मोठा खेळ निवडला, की ज्याला रिकामा वेळ अधिक तोच शेवटापर्यंत पोहोचतो, आणि ज्याला घरची कामे आहेत, धाकटी भावंडे सांभाळायची आहेत, तो अर्ध्यातच राहून चर्चेच्या वेळी गप्प बसतो. तासाभराचा खेळ सर्वांनाच पुरा करता येतो. सगळ्यांनी सगळे पाहिलेले असले, म्हणजेच बरोबरीने बोलता येते.

बोलण्याजोगे त्यात असते तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला एका पाच मिनिटांच्या खेळाचे उदाहरण पुरेसे आहे. जेसन रोरर या अमेरिकन रचनाकाराने २००७ साली ‘पॅसेज’ नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर एक अरुंद पट्टी दिसते, आणि तीत ठिपक्याठिपक्यांनी काढलेला एक तरुण. त्याला उजवीकडे चालत न्यायचे असते. थोड्याच अंतरावर एक तरुणी उभी आहे. तिच्याजवळ गेले तर ती जन्माची सोबतीण होते, आणि पुढे दोघे बरोबर चालतात. वाटेच्या खालच्या अंगाला अडथळ्यांचे जाळे आहे व त्यात पेट्या दडलेल्या आहेत. काहींत गुण असतात, काही रिकाम्या निघतात. एकटा माणूस अरुंद फटींतून सहज जातो. दोघांना तेथे शिरता येत नाही. उलट, सोबतीने पुढे चालले तर प्रत्येक पावलाला दुप्पट गुण मिळतात. चालता चालता केस पिकतात, पाठ वाकते. सोबतीण आधी जाते. तिच्या जागी एक छोटा दगड उरतो. त्यानंतर त्याची चाल मंदावते, आणि थोड्याच वेळात त्याचाही दगड होतो. पाच मिनिटे संपतात. साऱ्या खेळात एकही शब्द नाही, आणि मरण टाळण्याची एकही युक्ती नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहात जे पहिले चौदा खेळ घेतले, त्यांत हा एक होता.

आता मंडळातील एखादा मुलगा सांगेल, ‘मी त्या तरुणीकडे गेलोच नाही, मला पेट्या उघडायच्या होत्या.’ दुसरी मुलगी म्हणेल, ‘मी तिला बरोबर घेतले, म्हणून निम्म्या पेट्या हुकल्या, पण मला त्याचे काही वाटले नाही.’ तिसरा कदाचित कबूल करील, की तो आरंभीच्या जागेवरून हललाच नाही. तेथेच उभा राहिला, तेथेच म्हातारा झाला, आणि शेवटी तेथेच मेला. या तिघांत बरोबर कोण? खेळाने निकाल दिलेला नाही. गुणांची संख्या पडद्यावर दिसते, परंतु अखेरीस ती कोणाच्या उपयोगी पडते? बारा वर्षांच्या मुलांना हे प्रश्न फार जड आहेत, असे मोठ्यांना वाटते. परंतु आजोबा गेल्याचे दुःख ज्या घरात मुलाने पाहिले आहे, त्या घरात हे प्रश्न त्याच्या मनात कधीच येऊन गेलेले असतात. त्यांविषयी बोलायला त्याला निमित्त मिळालेले नसते, एवढेच.

दुसरा खेळ याहून हसरा आहे. कॅनडातील ॲडम रॉबिन्सन-यू याने २०१९ साली केलेल्या ‘अ शॉर्ट हाइक’ या खेळात क्लेअर नावाची एक लहान पक्षीण डोंगरावर चढते. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे, आणि फोनला संदेश मिळतो तो केवळ शिखरावर. चढण्यासाठी सोनेरी पिसे मिळवावी लागतात. जितकी पिसे अधिक, तितका दम अधिक. कोणी चार पिसे मिळताच तडक शिखराची वाट धरतो. कोणी वाटेत मासे धरीत बसतो, कोणाची हरवलेली वस्तू शोधून देतो, धावण्याची शर्यत लावतो, आणि आलो कशासाठी हेच विसरतो. शिखरावर फोन कोणाचा येतो, ते येथे सांगणे योग्य नव्हे. परंतु तडक चढून गेलेला आणि भटकत भटकत पोहोचलेला, या दोघांना तो फोन सारखाच ऐकू येतो का? हा वाद तासभर पुरेल. अमेरिकेत छोट्या स्वतंत्र रचनाकारांच्या खेळांसाठी दरवर्षी एक महोत्सव भरतो. त्याचे २०२० सालचे सर्वोच्च पारितोषिक या खेळाला मिळाले.

चर्चेमुळे गंमत नाहीशी होते, अशी एक शंका घेतली जाते. तीच शंका एके काळी चित्रपटांविषयीही घेतली गेली होती. चित्रपट म्हणजे घटकाभराची करमणूक. त्यावर विचार कसला करायचा, असे प्रतिष्ठित माणसे म्हणत. अशा काळात, १९४७ साली, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त व त्यांचे मित्र यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. देशोदेशीचे चांगले चित्रपट मिळवावेत, एकत्र बसून पाहावेत आणि मग त्यांवर मनसोक्त वाद घालावा, हा त्यांचा उद्योग. त्याने त्यांची गंमत तर गेली नाहीच. उलट १९५५ साली रायांचा ‘पथेर पांचाली’ आला. नीट पाहणारे व नीट बोलणारे निर्माण झाले, म्हणजे त्यांच्यातूनच कधी कधी निर्माण करणाराही निघतो. खेळांच्या बाबतीतही महाराष्ट्र अगदी मागे राहिलेला नाही. पुण्यातील एका छोट्या संस्थेने रचलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती कथा आहे, आणि दुर्गा व विष्णू ती सांगतात. तो काही तासांचा असल्यामुळे एका बैठकीचा नव्हे. परंतु मोठ्या सुट्टीत मंडळाने तो अवश्य घ्यावा.

भाषेचाही एक प्रश्न यात आहे, आणि तो क्षुल्लक नाही. खेळांतील पाट्या बहुधा इंग्रजीत असतात, आणि खेळून उठलेल्या मुलाला विचारले तर ‘भारी होता’ या दोन शब्दांपलीकडे तो जात नाही. त्याला काही जाणवले नाही, असे नव्हे. जाणवलेले सांगायला शब्द हाताशी नाहीत. मंडळात बसल्यावर ‘भारी’ म्हणून सुटता येत नाही. का भारी, कोठे भारी, हे समोरचा विचारतोच. मग चढणीवर लागलेली धाप, पोकळीत उडी घेतानाचा ठाव सुटल्याचा भास, परतीच्या वाटेवरची हुरहुर, हे सारे मराठीत सांगावे लागते. ज्या वस्तूंना मराठी नावे नाहीत, त्यांची परकी नावे खुशाल वापरावीत. क्रिकेटमधील ‘विकेट’ मराठीत सुखाने नांदतेच आहे. परंतु मनात उठलेल्या भावनेचे नाव परक्या भाषेतून उसने आणण्याचे कारण नाही. खेळाला दहापैकी किती गुण, हा प्रश्न मात्र मंडळात विचारूच नये. एकदा आकडा उच्चारला, की बोलणे खुंटते.

दूरच्या माणसांशी जोडणाऱ्या कोणत्याही मंडळात सावधपणा हवाच. अनोळखी माणसाला आपले नाव-गाव, शाळा वा छायाचित्र देऊ नये. मुलांचे मंडळ असेल तर ते वर्गमित्रांचे वा मामे-मावसभावंडांचे असावे, आणि एखाद्या जाणत्या माणसाने बैठकीत असावे. तो जाणता माणूस स्वतः तो खेळ खेळून आलेला असला, तर फारच उत्तम. न खेळता मत देणाऱ्या वडिलांचे मुले ऐकून घेतात, पण मानत नाहीत.

२०१२ साली आलेल्या ‘जर्नी’ या खेळात एक झगाधारी प्रवासी वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालत असतो. वाटेत जगाच्या दुसऱ्या टोकाचा एखादा अनोळखी खेळाडू त्याला भेटतो. त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक मधुर नाद करून साद घालता येते. पर्वताच्या बर्फात दोघे एकमेकांस बिलगून चालले, म्हणजे थोडी ऊब मिळते. दोनएक तासांनी खेळ संपल्यावर वाटेत भेटलेल्यांची नावे पडद्यावर येतात, तेव्हा कोठे सोबत कोणाची होती ते समजते. त्यानंतर पुष्कळ खेळाडूंनी एक विलक्षण गोष्ट केली. काही अडचणीमुळे मध्येच खेळ सोडून जावे लागल्याबद्दल त्यांनी आपल्या अनामिक सोबत्यांची जाहीर क्षमा मागितली. तो सोबती ते कधी वाचील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. तरीही त्यांनी लिहिले.