मोठ्यांची नावे

एखाद्या गावात मोठा कोण, हे जाणून घ्यावयाचे असेल तर वाडे आणि मोटारी पाहत हिंडण्याचे कारण नाही. लोक कोणाचा उल्लेख कोणत्या शब्दाने करतात, एवढे लक्षपूर्वक ऐकले तरी पुरे. 'ते मातब्बर गृहस्थ आहेत', 'ती मोठी असामी आहे', 'ते एक बडे प्रस्थ आहे', 'सारी बडी धेंडे जमली होती' ही चारही वाक्ये वजनदार माणसांविषयीच आहेत. परंतु पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात कुतूहल आहे, तिसऱ्यात थोडासा धाक आहे आणि चौथ्यात उघड उपहास आहे. मोठ्यांना मान देताना समाजाने आपले खरे मत कोठे ठेवले, हे पाहावयाचे असेल तर या शब्दांच्या घरी डोकावले पाहिजे.

प्रथम 'मातब्बर' घ्या. हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ 'विश्वासार्ह' असा आहे. 'इतबार' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. ज्याच्या शब्दावर व्यवहार व्हावा तो मातब्बर. पुढे ज्याच्यापाशी पैसा त्याच्याच शब्दावर व्यवहार होऊ लागला आणि हळूहळू विश्वास मागे पडून पैसा तेवढा अर्थात उरला. 'असामी'ची कथा याच्या उलट आहे. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव व 'असामी' म्हणजे नावे. दप्तरात ज्याचे नाव चढले ती असामी. हिंदीत आजही हा शब्द कुळासाठी किंवा ऋणकोसाठी वापरलेला आढळतो. मराठीत मात्र त्याच्यामागे 'बडी' हे विशेषण लागताच तो एकदम गादीवर जाऊन बसला! आणि ज्या 'साहेब' या शब्दापुढे आपण कचेरीत हात जोडतो, त्याचा अरबीतील एक मूळ अर्थ 'सोबती' असा आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

संस्कृतातून आलेल्या शब्दांत रणांगणाचा घोष अधिक ऐकू येतो. आठ दिशा तोलून धरणारे ऐरावतादी आठ हत्ती म्हणजे दिग्गज. आज संगीतातील, राजकारणातील व क्रिकेटमधील दिग्गजांची संख्या आठांवर कधीच गेली आहे. 'रथी-महारथी' ही महाभारतातील योद्ध्यांची प्रतवारी होय. या प्रतवारीचा एक प्रसंग मनन करण्याजोगा आहे. युद्धापूर्वी दोन्ही सैन्यांतील वीरांची गणना सांगताना भीष्मांनी कर्णाला 'अर्धरथी' म्हटले. तो शब्द कर्णाच्या जिव्हारी लागला. भीष्म असेपर्यंत शस्त्र धरणार नाही, असा पण त्याने केला आणि युद्धाचे पहिले दहा दिवस कौरवांचा हा वीर रणापासून दूर राहिला. कोणाला मोठे म्हणावे आणि कोणाला अर्धे, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसतो, हेच खरे.

राज्यकर्त्यांनाही याची जाणीव होती. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी अधिकारपदांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे योजण्यात आली. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत आणि सरनोबतास सेनापती म्हणण्यात येऊ लागले. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश याच प्रयत्नाचा भाग होता. स्वराज्याला स्वतःचे शब्द हवेत, हा त्यामागील विचार. आज हिंदी भाषक ज्यांना 'प्रधानमंत्री' म्हणतात, त्यांना मराठी माणूस 'पंतप्रधान' म्हणतो. या शब्दात पेशवाईची आठवण जिवंत आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना तर या विषयातील मौज पावलोपावली भेटत असेल. गुजरातेत वजनदार मंडळींना 'मोटा माथा', म्हणजे मोठी डोकी, म्हणतात. बंगालीत बड्या धेंडाला 'राघव बोयाल' म्हणतात. बोयाल हा लहानांना गिळणारा गोड्या पाण्यातील मासा. तमिळमध्ये अशा माणसाला 'पेरुम्पुळ्ळि', म्हणजे मोठा ठिपका, अशी संज्ञा आहे. इंग्रजांनी आपला 'नवाब' व 'मुघल' नेले आणि त्यांतून धनाढ्यांसाठी व उद्योगपतींसाठी शब्द घडविले. त्यांच्याकडे बड्या अधिकाऱ्याला 'मँडरिन' म्हणतात. तो शब्दही मलय व पोर्तुगीज भाषांतून फिरून गेलेला आपला 'मंत्री'च आहे.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण प्रवास 'महाजन' या शब्दाचा आहे. संस्कृतात तो थोर पुरुष, आणि जनसमूहही. हिंदी प्रदेशात तो सावकार. गोव्यात तो देवस्थानाचा परंपरागत हक्कदार. गुजरातेत 'महाजन' ही व्यापाऱ्यांची संस्था. याच गुजरातेत, अहमदाबादेस, १९२० साली गांधीजींच्या मार्गदर्शनाने व अनसूया साराभाईंच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. तिने नाव घेतले 'मजूर महाजन'. ज्यांना आजवर कोणी मोठे म्हटले नव्हते, त्यांनी मोठेपणाचा शब्दच आपल्या दारी आणला!

तेव्हा मोठेपण देतो कोण? परकीय सरकार 'रावबहादूर' आणि 'सर' करीत असे. त्यातील 'सर' हा किताब रवींद्रनाथांनी जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, १९१९ मध्ये, परत केला. उलट जोतीराव फुले यांना १८८८ साली मुंबईतील सभेत 'महात्मा' म्हटले गेले ते लोकांकडून, आणि टिळकांना 'लोकमान्य' केले तेही लोकांनीच. स्वतंत्र भारताच्या संविधानाने १८व्या अनुच्छेदात लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळता किताब देण्याची प्रथाच बंद केली. भारतरत्न व पद्म सन्मान नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवेही उतरले.

तथापि कायद्याने किताब जातो, जिभेवरची सवय जात नाही. रांगेत उभा असलेला वृद्ध शेतकरी खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाला 'साहेब, साहेब' म्हणून विनवितो आणि तो कारकून त्याला 'ए बाबा' म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत संविधानाचा एक अनुच्छेद हरलेला असतो. रांग मोडून आत जाणाऱ्या 'व्हीआयपी'कडे पाहून मूल विचारते, 'हे कोण?' त्या वेळी घरातील वडीलधारे काय उत्तर देतात, यावर त्या मुलाचे नागरिकत्व बरेचसे अवलंबून असते. 'ते फार मोठे आहेत' हे उत्तर सोपे आहे. 'त्यांच्याकडे आपण एक काम सोपविले आहे' हे उत्तर अधिक खरे आहे.

वाचकहो, आदराचे शब्द टाकून द्यावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. 'अहो', 'आपण', 'काका', 'ताई' या शब्दांनी आपले बोलणे गोड झाले आहे. ते फक्त दोन्ही बाजूंनी वाहू द्यावेत. खिडकीच्या आतल्याला आपण 'साहेब' म्हणत असू, तर बाहेरच्या शेतकऱ्यालाही 'अहो काका' मिळाले पाहिजे. आणि 'मातब्बर' म्हणावयाचे झाल्यास, त्या शब्दाचा जुना अर्थ स्मरून, ज्याच्यावर गावाने निःशंकपणे विसंबावे अशा माणसालाच म्हणावे. असा माणूस आपल्या वस्तीत कोण आहे, याचा विचार आज घरातील सर्वांनी मिळून करून पाहावा. कदाचित त्याच्यापाशी मोटार नसेलही.