रोजमेळ जुळेपर्यंत

परीक्षा संपल्या, की सुटीत मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. मोबाइलपासून त्यांना दूर तर ठेवायचे, पण कंटाळूही द्यायचे नाही, अशा पेचात सापडलेले अनेक पालक अलीकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या शैक्षणिक संचांकडे वळू लागले आहेत. खोके घरी येते, दोन दिवस दिवे लुकलुकतात, मोटार फिरते आणि तिसऱ्या दिवशी ते कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. पैसे वाया गेल्याची हळहळ काही दिवसांत विसरली जाते. परंतु ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा ग्रह मुलाच्या मनात बसला, तर तो सहजी जात नाही. म्हणूनच असा संच नेमके काय शिकवतो, हे खरेदीपूर्वी समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यापारी कुटुंबांना त्याचे उत्तर मुळीच नवे नाही. जुन्या पेढ्यांवर दिवसाअखेर रोजमेळ जुळवल्याशिवाय कोणी गादीवरून उठत नसे. पाच रुपयांचा फरक निघाला, तर खिशातून पाच रुपये घालून प्रश्न मिटवणे वडीलधाऱ्यांना मान्य नव्हते. फरक कुठे पडला, कोणती रक्कम दोनदा लिहिली गेली, कोणती लिहायची राहिली, हे शोधावेच लागे. त्या शोधातूनच नवशिक्या मुलाला व्यवहार कळत असे. प्रोग्रॅम लिहिणे आणि यंत्र घडवणे या कामांचा गाभाही हाच आहे.

उदाहरणादाखल मायक्रोबिट हा संच घेऊ. ब्रिटनच्या बीबीसी या संस्थेने २०१६ मध्ये तेथील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांना तो विनामूल्य देण्याची योजना राबवली. आज तो आपल्याकडेही मिळतो. जेमतेम चार बाय पाच सेंटिमीटरची ही पाटी. तिच्यावर २५ छोटे लाल दिवे, दोन बटणे, हालचाल आणि दिशा ओळखणारे संवेदक असतात, आणि दोन लहान पेन्सिल सेलवर ती चालते. संगणकावर सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम तयार करायचा आणि केबलने पाटीवर उतरवायचा. इंग्रजी टंकलेखनाच्या चुकांत मूल अडकत नाही. त्याचे सारे लक्ष विचाराच्या क्रमावर राहते. पुढे हीच पाटी पायथन या भाषेतही चालवता येते.

आता तिच्याकडून दुकानाच्या उपयोगाचे एक काम करून घेऊ. दारातून किती माणसे गेली, ते मोजायचे. पाटीवरील दिवे प्रकाशाचे प्रमाणही जाणतात आणि ते ० ते २५५ या अंकांत सांगतात. दाराच्या एका बाजूला टेबलाच्या उंचीवर पाटी ठेवावी आणि समोरून तिच्यावर विजेरीचा झोत सोडावा. माणूस मध्ये आला, की प्रकाश घटेल. ‘प्रकाश १०० पेक्षा कमी झाला, तर संख्येत एक मिळव’ अशी सूचना सतत चालू ठेवायची आणि बटण दाबल्यावर संख्या दाखवायची. किती सोपे!

परंतु पहिलाच माणूस क्षणभर दारात रेंगाळला आणि बटण दाबले, तर संख्या भलतीच मोठी दिसते. यंत्र बिघडलेले नसते. ते एका सेकंदात कित्येकदा तपासणी करते आणि प्रत्येक वेळी अंधार दिसला, की इमानेइतबारे एक मिळवते. मग मुलाला सुचते, की अंधार मोजायचा नसून उजेडाचा अंधार झाल्याचा क्षण मोजायला हवा. ती दुरुस्ती झाली, की पुढचा फरक समोर येतो. आत आलेला माणूस बाहेर जाताना पुन्हा मोजला जातो. शेजारी शेजारी चालणारे दोघे एकच ठरतात. सकाळी नीट चालणारा १०० चा आकडा दुपारच्या उन्हात निरुपयोगी होतो. वहीतील शिल्लक आणि गोदामातील माल यांचा ताळा घेणाऱ्या माणसाला ही अडचण परिचित आहे. मुलाला ती दहाव्या-अकराव्या वर्षी, स्वतःच्या हाताने कळते, हा या खेळण्याचा खरा लाभ.

म्हणून संच निवडताना एकच कसोटी लावावी: पुस्तिकेतील प्रयोग संपल्यावर यातून मूल स्वतःच्या मनातले काही करू शकेल काय? जोडली, की एकाच प्रकारे धावणारी मोटारगाडी एका दुपारची करमणूक ठरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बटणांसारखे एकमेकांत बसणारे विद्युत्मंडलाचे तुकडे द्यावेत. दहा-अकराव्या वर्षी मायक्रोबिट योग्य. तेराच्या पुढे, टंकलेखनाची सवय झाली, की आर्डुइनो घ्यावा. इटलीतील इव्रेआ येथे २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीच जन्मलेल्या या पाटीचा आराखडा सर्वांना खुला आहे. त्यामुळे अनेक उत्पादक तशाच पाट्या बनवतात आणि किमतींत मोठा फरक दिसतो. मुलीसाठी स्वयंपाकाचा आणि मुलासाठी विजेचा संच, ही वाटणी मात्र आता घराबाहेर ठेवावी.

खरेदीपूर्वी शाळेतही चौकशी करावी. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून देशातील दहा हजार शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या आहेत. आपल्या शाळेत अशी प्रयोगशाळा असून ती कुलूपबंद राहत असेल, तर पालकसभेत तो विषय काढणे हे एक संच विकत घेण्याहून अधिक मोलाचे काम होईल.

सुरक्षेच्या दोन गोष्टी. सेल किंवा संगणकाच्या केबलवर चालणारे प्रयोगच घरी करू द्यावेत. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये. नाण्याच्या आकाराचे बटण-सेल लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत, अशी काळजी घ्यावी. असा सेल गिळला गेल्यास जीवावर बेतू शकते.

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी एक विनंती. दिवा लागत नाही म्हणून मूल रडकुंडीला येईल, तेव्हा चूक दिसली तरी लगेच बोट ठेवू नये. ‘काय व्हायला हवे होते आणि काय झाले?’ एवढेच विचारावे आणि शेजारी बसून राहावे. या सुटीत आठवडाभर मुलाला दाराची मोजणी करू द्या आणि रोज रात्री त्याची संख्या दुकानातील बिलांच्या संख्येशी ताडून पाहा. दोन्ही जुळणार नाहीतच; काही ग्राहक नुसतेच पाहून जातात, काही जण सहकुटुंब येतात. हा फरक का पडला, हे मूल तुम्हाला समजावून सांगू लागले, की संच खरेदी केल्याचे सार्थक झाले असे समजावे.