पाण्याचा आकडा आणि आपली वस्ती



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पण धरण काही एका रात्रीत आटत नाही. पाण्याची पातळी महिनोन् महिने उतरत असते, आणि ती कोणीतरी वहीत लिहीतही असते. मग आकडे असूनही माणसे तहानलेली का राहतात? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

पाण्याचा हिशेब एका वहीत नसतो, ही पहिली अडचण. धरणात किती साठा आहे ते पाटबंधारे खात्याकडे. पाऊस किती झाला ते महसूल, कृषी आणि हवामान खात्याकडे. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. नळाच्या आणि टँकरच्या पाण्याचा हिशेब जिल्हा परिषद, नगरपालिका आणि तहसीलीत. कोणी टीएमसीत मोजतो, कोणी दशलक्ष घनमीटरमध्ये. एकाच गावाचे नाव दोन कचेऱ्यांत दोन तऱ्हेने लिहिलेले असते. या सगळ्या वह्या एकमेकींशी बोलणार कशा?

यावर आता जो उपाय निघाला आहे त्याला इंग्रजीत ‘डेटा वेअरहाउस’ म्हणतात. आपण त्याला माहितीचे कोठार म्हणू. कोठारात धान्य भरण्याआधी ते निवडतात, पाखडतात. तसेच येथेही आकडे तपासून, एका मापात आणून, प्रत्येक गावाला एकच क्रमांक देऊन साठवतात. जुन्या वर्षांच्या नोंदीही जपून ठेवतात. हे कोठार ‘क्लाउड’वर असते म्हणजे ते आकाशातल्या ढगात नसते. दूर कोठेतरी मोठ्या संगणकांचे केंद्र असते आणि त्याची जागा इंटरनेटवरून वापरता येते. त्यामुळे मुंबईचा अधिकारी, जिल्ह्याचा अभियंता आणि गावची ग्रामसेविका एकाच वेळी एकच आकडा पाहू शकतात.

आपल्याकडे हे काम टप्प्याटप्प्याने झाले. १९९५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. २०१६ साली राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आला आणि २०१८ साली राष्ट्रीय जलमाहिती केंद्र स्थापन झाले. त्याच्या ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या संकेतस्थळावर धरणे, नद्या, पाऊस आणि भूजल यांची माहिती कोणालाही पाहता येते. आपल्या राज्याची भूजल यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. पाऊस आणि ही पातळी ताडून पाहिली की कोणत्या गावांना पुढे टंचाई येणार, याचा अंदाज दिवाळीच्या सुमारासच बांधता येतो. एप्रिलमध्ये टँकरसाठी मोर्चा काढण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये तयारी केलेली बरी नाही का?

आकड्याच्या जोरावर पाणी कसे हलते हे पाहायचे तर जायकवाडीकडे पाहावे. वर नगर-नाशिकची धरणे आणि खाली पैठणचा नाथसागर असे हे गोदावरीचे खोरे आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील साठा ठरलेल्या ६५ टक्क्यांहून कमी भरला तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र त्यात होते. २०२३ च्या अखेरीस सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तो याच सूत्राने. वाद झाले, माणसे न्यायालयात गेली. पण भांडणाला एक तारीख आणि एक आकडा मिळाला. आकडा नसता तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच पाणी ठरले असते.

एक टीएमसी म्हणजे किती, हे घरच्या हिशेबात समजून घेऊ. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने, गळती वगळता, एक टीएमसी पाणी सुमारे १४ लाख माणसांना वर्षभर पुरते. म्हणून वर्तमानपत्रातली टीएमसीची बातमी वाचून पान उलटू नये. ती आपल्या हंड्याचीच बातमी असते.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो. पण बाबासाहेबांनी पाण्यासाठी आणखीही एक काम केले, त्याची चर्चा कमी होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधाऱ्यांचा विषयही त्यांच्याकडे होता. त्यांच्याच काळात, १९४५ साली, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तेथे आहे. नद्यांविषयीची माहिती गोळा करणे हे त्या आयोगाचे एक मुख्य काम होते. आधी मोजा, मग संपूर्ण खोऱ्याचा विचार करून योजना आखा, अशी ती दृष्टी होती. तळ्यावरचा हक्क आणि पाण्याचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच लढ्यातल्या आहेत, असे आम्ही मानतो.

आता खरी अडचण सांगतो. कोठार कितीही मोठे असो, त्यात जे भरले तेच बाहेर निघणार. समजा, एका गावाला माणशी सरासरी ५५ लिटर पाणी मिळते. कागदावर सगळे ठीक. पण टाकीजवळच्या आळीला ८० लिटर आणि पाइपाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या आपल्या वस्तीला २० लिटर मिळत असेल तर? गावाच्या सरासरीत आपली तहान बुडून जाते. नळजोडणी झाल्याची नोंद वेगळी आणि नळाला पाणी आल्याची नोंद वेगळी. धरणावर यंत्र बसले, नदीवर बसले. पण वस्तीच्या नळावर पाणी किती वेळ येते हे कोण मोजणार? पहाटे चारला उठून हंडे मांडणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ते तोंडपाठ असते. मात्र तोंडपाठ असलेले कचेरीत चालत नाही, लिहिलेलेच चालते.

म्हणून आमची प्रत्येक वस्तीला विनंती आहे. महिला मंडळाने एक वही करावी. पाणी कोणत्या दिवशी आले, किती वाजता आले, किती वेळ टिकले आणि घरटी किती हंडे मिळाले एवढेच लिहावे. टँकर येत असेल तर त्याच्या खेपाही लिहाव्यात. शिकलेल्या मुलामुलींनी फोनवर आपल्या धरणाचा साठा आणि तालुक्यातल्या विहिरींची पातळी पाहून ती शेजारच्या रकान्यात मांडावी. ग्रामसभेत गावाचा पाण्याचा ताळेबंद वाचायला लावावा आणि त्यात वस्तीचा आकडा वेगळा मागावा. टाळाटाळ झाली तर २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहेच.

तीन महिन्यांची अशी वही घेऊन पाच बाया कचेरीत गेल्या तर साहेबांना ‘पाहू, करू’ म्हणणे जड जाईल. वही साधी चालेल. तारीख मात्र एकही चुकता कामा नये.