‘सोपे’ हे विशेषण आणि मंद आचेवरचे मीटबॉल

पाककृती हा वाङ्मयप्रकार मानावा काय, हा प्रश्न आपल्या साहित्यचर्चेत क्वचितच निघतो. आणि निघालाच तर चहाच्या वेळी, थट्टेने निघतो. इंग्रजी समीक्षेत मात्र तो १९८९ साली ‘पीएमएलए’सारख्या भारदस्त नियतकालिकात रीतसर मांडला गेला. सुझन लिओनार्डी यांच्या त्या निबंधाचा आशय असा की, नुसती साहित्याची यादी आणि क्रमवार सूचना म्हणजे पाककृती नव्हे. ती कोण, कोणाला, कोणत्या निमित्ताने सांगत आहे, ही चौकट तिच्या अर्थाचाच भाग असते. चौकट काढून घेतली की उरतो तो निव्वळ कोरडा तपशील. हा निबंध मी पूर्वी वर्गात शिकवला होता. त्याचा खरा प्रत्यय मात्र न्यू जर्सीत, मुलीच्या स्वयंपाकघरात, शीतकपाटाच्या दारावर चुंबकाने अडकवलेल्या एका कागदापुढे उभी राहिले तेव्हा आला.

कागदाचे शीर्षक होते: ‘स्लो कुकरमधले सोपे मीटबॉल आणि पास्ता’. मुलगी परिचारिका आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी बारा तासांची पाळी. त्या दिवशी निघताना ती म्हणाली, “आई, आज तू लावशील का? काही विशेष नाही, सगळं लिहिलेलं आहे. फक्त झाकण उघडू नकोस.” आयुष्यभर संहिता वाचून दाखवण्याचाच धंदा केलेला असल्यामुळे मी ती संहिताही बारकाईने वाचली, आणि पहिल्याच विशेषणापाशी अडखळले.

सोपे, पण कोणाला? सोपेपणा हा वस्तूचा गुण नाही. तो वस्तू आणि माणूस यांच्यातला संबंध आहे. ‘तिखट मीटबॉल’ किंवा ‘गोल मीटबॉल’ म्हणावे तसे ‘सोपे मीटबॉल’ म्हणता येत नाही. आणि तरीही कोणाला, हे त्या कागदावर कुठेही नव्हते. ‘रेसिपी’ हा शब्द मुळात लॅटिन आज्ञार्थ आहे. ‘घे’ एवढाच त्याचा अर्थ, आणि वैद्याच्या औषधचिठ्ठीच्या माथ्यावर तो लिहिला जाई. आज्ञार्थात निदान समोर कोणीतरी उभे असते. आपल्या मराठी पाककृतीत तेही नाही. ‘कांदा बारीक चिरावा’, ‘मंद आचेवर परतावे’ या विध्यर्थी वाक्यांत कांदा आहे, आच आहे. चिरणारे माणूस व्याकरणानेच गाळले आहे. (दूरचित्रवाणीवरच्या ‘आता आपण कांदा चिरून घेऊया’मधल्या ‘आपण’मध्ये कोण कोण येते, हा स्वतंत्र लेखाचा विषय. असो.)

आता त्या कागदावरच्या कृतीकडे. अर्धा किलो खिमा, दुधात भिजवलेला पावाचा चुरा, एक अंडे, किसलेले पार्मेझान चीज, पार्स्ली, लसूण, मीठ, मिरपूड. हे हलक्या हाताने कालवायचे, कारण जोराने मळले की गोळे चिवट होतात. सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान असे चोवीस गोळे वळायचे. स्लो कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यात कुटलेल्या टोमॅटोचा डबा ओतायचा, त्यात गोळे अलगद सोडायचे, झाकण लावायचे आणि मंद आचेवर सहा-सात तास विसरून जायचे. शेवटी स्पॅगेटी वेगळ्या पातेल्यात, खळखळत्या खारट पाण्यात उकडायची. ती त्याच भांड्यात टाकली तर पिष्ट सुटून तिची खीर होते.

यात पहिली गंमत अशी की मीटबॉलला सहा तासांची गरजच नाही. मंद आचेवरचे दीर्घ शिजवणे हे स्नायू आणि कूर्चा असलेल्या चिवट मांसासाठी असते. त्यातले कोलॅजेन हळूहळू विरघळून मांस मऊ व्हावे, यासाठी तास मोजायचे. खिमा तर यंत्राने आधीच बारीक झालेला. गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस उष्णता पोहोचली, टर्कीचा खिमा असेल तर ७४, की काम झाले. गॅसवर त्याला अर्धा तास पुष्कळ होतो. दुसरी गंमत, बंद झाकणाखाली पाणी आटत नाही, म्हणून रस पातळ राहतो. आणि ओलाव्यात मांसाला तांबूस खरपूसपणा येत नाही. चवीची चाड असेल तर गोळे आधी तव्यावर भाजून घ्यावे लागतात, म्हणजे आणखी एक भांडे, आणखी वीस मिनिटे. कागदावर त्याविषयी एकच शब्द होता: ‘ऐच्छिक’. एखाद्या कवितेतली सर्वांत महत्त्वाची ओळ तळटीपेत जावी, तसा तो शब्द मला वाटला.

तेव्हा हे सहा तास मांसासाठी नाहीत. ते घरात कोणीही नसण्यासाठी आहेत. या पदार्थाचा मुख्य घटक अनुपस्थिती हा आहे.

आणि इथे या यंत्राचा जन्म आठवल्यावाचून राहवत नाही. स्लो कुकरचा पूर्वज अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन ज्यू अभियंत्याने बनवला. पेटंटसाठी अर्ज १९३६चा, पेटंट मिळाले १९४० साली. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना शहराच्या आठवणी सांगे. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू झाला की विस्तव पेटवणे निषिद्ध. म्हणून घरोघरच्या बायका कडधान्य, बटाटे आणि मांस घातलेले ‘चोलंट’चे हंडे आधीच गावच्या भट्टीवाल्याकडे नेऊन ठेवत. भट्टी विझलेली, पण तिची धग रात्रभर टिके, आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण मिळे. (आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले ते याच विश्रांतीमुळे, शनिवारी त्यांचा घाणा बंद असे.) आईच्या या गोष्टीतून मुलाला विजेच्या भट्टीची कल्पना सुचली. म्हणजे या भांड्याच्या मुळाशी असलेली कल्पना श्रम वाचवण्याची नव्हे, श्रम थांबवण्याची आहे. आठवड्यातून एक दिवस असा, की ज्या दिवशी घरची बाईसुद्धा चुलीपुढे उभी राहणार नाही.

पुढे १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा उद्योग विकत घेतला, आणि १९७१ साली तेच उपकरण ‘क्रॉक-पॉट’ या नावाने शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मांडले. अमेरिकेतल्या विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडत होत्या तो हा काळ. जाहिरातींचा सूर असा की बाई दिवसभर बाहेर असल्या तरी भांडे घरी रांधत राहील. भांडे तेच, धग तीच. बदलले ते रिकाम्या झालेल्या वेळाचे प्रयोजन. विल्नातल्या बाईला त्या वेळात विसावा मिळे. न्यू जर्सीतली बाई त्या वेळात दुसरे काम करते. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार विदुषीने १९८३च्या आपल्या ग्रंथात घरगुती यंत्रांविषयी नेमके हेच दाखवले आहे: यंत्रांनी लाकडे फोडणाऱ्या पुरुषांचे, पाणी आणणाऱ्या मुलांचे आणि नोकरांचे काम कमी केले, गृहिणीच्या वाट्याचे मात्र रूप बदलून तितकेच राहिले, कधी वाढलेसुद्धा.

याच्या उलट टोकाला इटलीतले नापोली. तिथला रविवारचा ‘रागू’ शनिवारीच चुलीवर चढतो आणि तासन्तास जेमतेम बुडबुडत राहतो. त्या बुडबुडण्याला नापोलीच्या बोलीत खास क्रियापद आहे. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेला गेले, त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे आणि गरीब. मायदेशी मांस महाग, म्हणून तिथल्या ‘पोल्पेत्ते’त शिळा पाव भरपूर, आणि ते बहुधा पास्त्यावाचून वेगळे खाल्ले जात. अमेरिकेत मांस स्वस्त झाले, गोळे मोठे झाले आणि स्पॅगेटीच्या ढिगावर येऊन बसले. इटलीतून आलेला प्रवासी त्याकडे पाहून नाक मुरडतो. पण हा पदार्थ म्हणजे इटालियन पाककलेचा अपभ्रंश नव्हे, भुकेल्या माणसांना पहिल्यांदाच पोटभर मिळाल्याची ती नोंद आहे. (अब्रुझ्झो प्रांतातल्या तेरामोत अगदी बारीक गोळ्यांसह पास्ता खातातच, तेव्हा शुद्धतावाद्यांनी जपून बोलावे.)

नापोलीच्या त्या रागूवर एदुआर्दो दे फिलिप्पो यांचे १९५९चे एक नाटक उभे आहे: ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’. पडदा उघडतो तेव्हा रोझा रविवारच्या जेवणाचा रागू करते आहे. घरात नवरा-बायकोचे बिनसले आहे, आणि शोध घेता घेता कळते की तिच्या मनातला सल वरवर अगदी क्षुल्लक आहे: नवऱ्याने सुनेच्या हातच्या मॅकरोनीची वाखाणणी केली होती. आपण या प्रसंगावर हसतो. मीही वर्गात हसले आहे. आज मात्र वाटते की रोझाचे म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने अचूक होते. जिच्या श्रमांना दुसरी कोणतीही मोजणी नाही, तिच्यासाठी वाखाणणी हीच एकमेव नोंदवही. तिच्यातली एक ओळ दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तर दुःख होणारच.

आपल्या साहित्यात ‘आईच्या हातची चव’ या विषयावर जे काही लिहिले जाते, त्यावर माझा आक्षेप इथे आहे. ती चव म्हणजे पहाऱ्याचे तास असतात. त्या तासांचे काव्य बहुधा जेवणारा करतो, पहारा देणारी नव्हे. मंद आच, संथपणा, मुरणे ही आपली आवडती समीक्षामूल्येही चुलीपासूनच उसनी घेतली आहेत, आणि घेताना चुलीपुढची व्यक्ती तिथेच सोडली आहे. सोपेपणाची ग्वाही देणारेही बहुधा दुसरेच असतात. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या १८९१च्या प्रसिद्ध इटालियन पाकग्रंथात पोल्पेत्तेच्या कृतीपाशी थट्टा आहे, की हे शिकवायचे काय, हे तर गाढवालाही येते. आर्तुसी अविवाहित, सुखवस्तू गृहस्थ. त्यांच्या घरी प्रत्यक्ष चुलीपुढे असत ते फ्रान्चेस्को रुफील्ली आणि मारिएत्ता साबातीनी. एवढे मात्र खरे की मृत्युपत्रात त्यांनी ग्रंथाचे हक्क या दोघांना दिले. सोपे म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी हिशेब चुकता केला.

तर मी टर्कीच्या खिम्याचे चोवीस गोळे वळले. तव्यावर भाजलेही, कारण ‘ऐच्छिक’ हा शब्द मला डिवचत होता. भांडे लावले आणि खुर्ची ओढून बसले. दोन तासांत तीनदा झाकण उघडले. काचेतून नीट दिसत नव्हते, वास कळत नव्हता, आणि रांधताना न पाहणे हे मला जमतच नाही. दर खेपेला साठलेली वाफ निघून जाते आणि पाव-अर्धा तास मागे पडतो, हे मला नंतर कळले. संध्याकाळी साडेसातला मुलगी आली तेव्हा गोळे शिजलेले होते, रस मात्र पाणीदार. नातीने तक्रार न करता खाल्ले. तिला आजीच्या तत्त्वचर्चेपेक्षा किसलेल्या चीजमध्ये अधिक रस होता.

जेवताना मी मुलीला म्हटले, “यात सोपं काय आहे गं? रविवारी तू गोळे वळून गोठवतेस, आदल्या रात्री आठवणीने खाली काढतेस, पहाटे साडेपाचला उठून भांडं लावतेस. एवढं करून वर सोपं म्हणायचं?”

ती थोडा वेळ काटा फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई, मी दार उघडते ना, तेव्हा घरात वास भरलेला असतो. कोणीतरी माझ्यासाठी करून ठेवलंय असं वाटतं. पहाटे मीच केलेलं असतं, ते मला माहीत असतं, तरी वाटतं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. लिओनार्डींच्या चौकटीत सांगणारी आणि ऐकणारी अशा दोघी आहेत. पहाटेच्या बाईने संध्याकाळच्या बाईसाठी रांधून ठेवावे, आणि त्या दोघी एकच असाव्यात, ही जागा त्या चौकटीत कुठे बसते? माझा कोवनवर विश्वास आहे, जाहिरातीवर नाही. परंतु दारात उभ्या असलेल्या दमलेल्या बाईला तो वास खोटा आहे असे सांगणारी समीक्षा मला लिहिता येणार नाही.

रात्री ती झोपायला गेल्यावर मी भांडे घासायला घेतले. चिनी मातीच्या काठावर टोमॅटोची काळपट कड धरली होती. ती कोमट पाण्यात भिजत ठेवावी लागते. कागद पुन्हा वाचून पाहिला. शेवटचे वाक्य ‘गरमागरम वाढा’ हे होते. पुढे कोरी जागा होती. तिथे मी पेन्सिलीने लिहिले: गोळे वळणे, चाळीस मिनिटे. भाजणे, वीस. भांडे भिजवणे व घासणे, पंचवीस, रात्री पावणेअकरा. शीर्षकातले ‘सोपे’ खोडावे म्हणून पेन्सिल वर नेली, आणि कागद तिचा आहे हे लक्षात येऊन तशीच खाली ठेवली.