पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तो जुगार नाही?



ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, रमी आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिराती दिसेनाशा झाल्या आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. अमरावतीच्या राजापेठेत माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. काउंटरवरून पाहिलं तर मिटला तो मोठ्यांचा प्रश्न.

शाळा सुटली की पोरं येतात. "काका, ऐंशीचा कोड द्या ना." म्हणजे प्ले स्टोअरचा रिडीम कोड. दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा मोजून देतात आणि उभ्या उभ्याच कोड टाकतात. त्याचे गेममध्ये डायमंड होतात, डायमंडवर स्पिन मारायची. चक्र फिरतं. हवी ती बंदुकीची स्किन, म्हणजे तिचं रंगरूप, बहुधा लागत नाही, भलतंच काहीतरी पदरात पडतं. मग "अजून एक मारून पाहतो". वरली मटक्याचा आकडा लावून बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला बारा वर्षांच्या पोराचा हा चेहरा सांगावा लागणार नाही.

कायद्याला मात्र यात वावगं दिसत नाही. पैसे लावून पैसे मिळवण्याची आशा दाखवली, तर खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. पैसे लावून नुसतं चित्र मिळत असेल, तर ती करमणूक! खेळणाऱ्याकडे काय परत येतं तेवढं कायद्याने पाहिलं, त्याच्या घरातून काय जातं ते नाही. मटक्यात निदान एखाद्याला तरी लागायचं.

कंपन्या स्वतःच मर्यादा घालतात, असं सांगितलं जातं. सप्टेंबर २०२० मध्ये बंद झालेला पब्जी पुढच्या वर्षी बीजीएमआय या नावाने परतला, तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर झाली: दिवसाला ७,००० रुपये. इकडे सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलमागे ५,३२८ रुपये होता, आणि तोही पदरात पडेलच याची खात्री नव्हती. ही मर्यादा कोणत्या गावच्या पोरांसाठी ठरवली होती, कोण जाणे.

'आईबापांनी लक्ष द्यावं' हे बोलायला सोपं आहे. इथल्या कितीतरी घरांत चांगला फोन एकच, आणि यूपीआय चालवता येतं ते पोरालाच. आईच्या खात्याचा पिन आईपेक्षा त्याला पाठ. मी कोड नाकारला तर तो पुढच्या दुकानात जातो, नाहीतर घरूनच घेतो. तेव्हा हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडण्यासारखं काम नाही.

खेळाचं वावडं या शहराला कधीच नव्हतं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले होते. पोरांनी मोबाइलवर तासभर खेळावं, ई-स्पोर्ट्समध्ये नाव काढावं, माझी हरकत नाही.

अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून थेट सचिन तेंडुलकरांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं. तसा आवाज आता मुलांच्या खेळांसाठी हवा. १८ वर्षांखालच्या खात्यावर नशिबाची स्पिन आणि आत काय ते न कळणाऱ्या बंद पेट्या विकायला मनाई करावी आणि खर्चाची मर्यादा मुळात शून्य ठेवावी. ती वाढवायची तर पालकाने स्वतः, आपल्या ओळखपत्रावर वाढवावी. वऱ्हाडातल्या खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न येत्या अधिवेशनात लेखी विचारावा.

— एक दुकानदार, राजापेठ, अमरावती